घरपोच आहेर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुरेखा,

फोनवर तू रडतेस आणि मी रागावते, त्यामुळे मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुझी लेक श्रेयाच तुझ्या हातात देईल. मध्येच डोळ्यांना पदर लावून बाजूला ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खुशाली. यांचे गुडघे कुरकुरतात, पण भाजी आणायला तेच जातात. काल नळाला पाणी आलं, सगळी पिंपं भरली, त्यामुळे माझं डोकं जागेवर आहे. कावेरी छान आहे. तिला बाविसावं लागलं. कुकरची शिट्टी झाली की अजूनही कानांवर हात ठेवते. घरात नवा माणूस आला की त्याच्या हाताचा वास घेते आणि मग आपल्या खुर्चीत जाऊन बसते. बोलणं मोजकंच. परवा साखर मागायला आलेल्या शेजारच्या एका बाईंनी विचारलं, अशा मुलांच्यात म्हणे काहीतरी अलौकिक असतं, हिच्यात काय आहे? मी म्हटलं, काहीही नाही. चित्रं काढत नाही, गात नाही, पाढे म्हणत नाही. मेथी निवडते, तीही मर्जी असली तर. स्वतःच्या घरात राहायला माणसाला कला कशाला लागते? बाई साखर न घेताच परत गेल्या.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती, अंबिका नावाची. मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना समाजात किती कमीपणा वाटतो, हे ती मोजते आहे. हो, मोजते. तिच्याजवळ विधानं छापलेली होती आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत चौकोन. शेवटी बेरीज करायची, की कमीपणा किती ते कळतं. मला आधी हसू आलं. मी बीएस्सीला असताना आम्ही द्रवाची घनता काढायचो, तिथंही उत्तर कधी एकसारखं यायचं नाही. पण मुलगी नीट होती. कावेरीनं हाताचा वास घेतला तेव्हा दचकली नाही, दुसराही हात पुढे केला. म्हणून बसवलं.

‘मुलाला बाहेर नेताना मला लाज वाटते.’ मी म्हटलं, पूर्ण असहमत. ‘माझ्या हातून काही पाप घडलं असावं, असं वाटतं.’ पूर्ण असहमत. ती हळूच म्हणाली, “काकू, मोकळेपणानं सांगा. तुमचं नाव कुठंच येणार नाही.” मी म्हटलं, “का येणार नाही? घाल की. रत्नमाला म्हणून घाल, गारखेडा म्हणून घाल. नाव लपवूनच सांगायचं असलं तर तुझी बेरीज मी न सांगताच झाली.” ती बिचारी घाबरली. तसा नियम नाही म्हणाली. मी तिला असंही सुनावलं की लाज वाटते दुसऱ्यांना आणि पट्टी घेऊन येता आमच्याकडे. जे बघून मान फिरवतात त्यांच्या घरी जा, त्यांची मोजा. यावर ती हसली आणि म्हणाली, “ते दार उघडत नाहीत, काकू.”

मग एक विधान आलं. ‘नातेवाईक आम्हाला समारंभांना बोलवायचं टाळतात.’ आणि तिथं मी अडकले, सुरेखा. कारण तू सर्जेरावांच्या हाती पाठवलेली पिशवी दिवाणावर, अंबिकाच्या शेजारीच होती. तुझ्या नवऱ्यानं ती दारातच दिली, चहालाही थांबले नाहीत. अडतीवर कांद्याच्या गाड्या लागल्यात म्हणाले. आत श्रेयाच्या लग्नाची पत्रिका होती, सहकुटुंब सहपरिवार छापलेली. माझी साडी, यांचा पोशाख आणि कावेरीला ड्रेसचं कापड. तिलाही कापड. तू तिला विसरली असतीस तर मला राग कमी आला असता.

बोलवायचं टाळतात, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? पत्रिका समोर होती. पण वैजापुरात वाढलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मावशीचा आहेर मांडवात होतो. नाव पुकारतात, पाटावर बसवतात, कुंकू लावतात आणि चार माणसांदेखत हातात देतात. तो आधीच घरी आला, म्हणजे मान पोचला, आता माणसं आली नाहीत तरी चालेल. आपल्याच आईनं एका पिऊन येणाऱ्या चुलत्याला असाच घरपोच आहेर पाठवला होता, आठवतं? तो चुलता शहाणा, त्याला कळलं. मलाही कळलं. मी अंबिकाला सांगितलं की यासाठी तुझ्याकडे चौकोन नाही. तिनं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, “हे घालू का मी?” मी म्हटलं, “घाल. मानाचा आहेर घरपोच येतो. पूर्ण सहमत.”

ती गेल्यावर मी तुला फोन लावला. तू म्हणालीस, “अक्का, राग धरू नको गं. सिल्लोडचे पाहुणे लई जुन्या वळणाचे. रक्तात हाय का म्हणून विचारतील. लेकरू एकदा मांडवातून सुखरूप जाऊ दे, मग आण की कावेरीला, मी नाय म्हणते का?” आणि रडलीस. मी फोन ठेवला. तुझी भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही. असे विचारणारे असतात. आपल्याच भावकीत या कारणावरून सोयरिकी फिसकटलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलीची आई म्हणून तुझी झोप उडाली असेल, हेही मला कळतं. एवढंच असतं तर मी साडी कपाटात ठेवली असती, लग्नाला आम्ही तिघंही आलो असतो आणि आहेर मांडवात कर म्हणून तुझ्याशी चार शब्द भांडले असते.

पण काल श्रेया आली. कंपनीला सुटी असली की ती येतेच, तुला ठाऊक आहे. कावेरीच्या खुर्चीशेजारी खाली बसून दोघी शेंगा सोलत होत्या. मी तिला पिशवी दाखवली. पोरीनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, “मावशी, आहेराचं सोड. बैठकीत आईनं काय सांगितलं, ते तुला माहितीय का?” मला माहीत नव्हतं. सुपारी फुटायच्या आधी नवऱ्यामुलाच्या, आकाशच्या आईनं विचारलं, मुलीच्या मावशीला काय मुलंबाळं. आणि तू म्हणालीस, अक्काला मूलबाळ नाही.

सुरेखा, कावेरीला आत्या नाही. बारशाला तिच्या कानात नाव तू सांगितलंस. मी तीन-चार नावं काढून ठेवली होती, ती बाजूला सारून तूच हे नाव ठेवलंस आणि पाळण्याशी गाणंही तूच म्हटलंस. ज्या तोंडानं नाव ठेवलंस, त्याच तोंडानं ती नाहीच म्हणालीस. वेडी म्हणाली असतीस, आजारी म्हणाली असतीस, तरी मी भांडून मोकळी झाले असते. तू तिला पुसून टाकलंस.

मी श्रेयाला म्हटलं, तुझ्या सासरी मी खरं सांगितलं तर तुझं काय होईल, याचा विचार कर, लग्न तुझं आहे. ती म्हणाली, “मी आकाशला कधीच सांगितलंय. त्याला त्याचं काही नाही. पण त्याच्या आईला सांगायची वेळ आली की म्हणतो, तूच सांग.” एवढा उंच पोरगा आणि आईला घाबरतो! मग तिनं स्वतः त्याच्या आईचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. मी तुझ्या विहीणबाईंशी बोलले. म्हटलं, मला एक मुलगी आहे, कावेरी. ती जन्मापासून स्वमग्न आहे. श्रेयाला सख्खी बहीण नाही, तेव्हा करवली म्हणून कावेरीच तिच्या पाठीशी उभी राहील, असं श्रेयाचंच म्हणणं आहे. येत्या रविवारी माझ्या घरी श्रेयाचं केळवण आहे, तुम्ही सगळे या. त्या म्हणाल्या, “आम्हाला तर तसं सांगितलं नव्हतं.” मी म्हटलं, चुकीचं सांगितलं होतं. “घरात बोलून कळवते,” म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही. ते आले तर त्यांच्यासह आणि नाही आले तर त्यांच्याशिवाय, केळवण होणार. पुरण मी वाटणार. सिल्लोडहून तुला फोन येईल, कदाचित तू हे वाचत असतानाच येईल. त्या पुन्हा तेच विचारतील, अक्काला मूलबाळ काय. काय सांगायचं ते तू ठरव. श्रेया तुझ्यासमोर उभी असेल. तिच्या तोंडाकडे बघून सांग.

तुझीच,
कावेरीची आई