न्यायमूर्ती मीच

९ जानेवारी
एजंट ग्लेंडाचा फोन. कोर्टाच्या नव्या मालिकेत न्यायाधीशाची भूमिका आहे, ऑडिशनचा व्हिडिओ घरूनच पाठव म्हणाली. वर म्हणाली, "लेलंड, हेही हुकलं तर आपण दोघं एकदा शांतपणे बोलू." म्हणजे पुढच्या वाटचालीची आखणी. एजंट असावी तर अशी.

टीव्हीवर आजवर मी वाईट बातमी देणारा डॉक्टर. बातमी दिली की कॅमेरा रडणाऱ्यांकडे वळतो. न्यायाधीशावरून कॅमेरा हलवायची कोणाची हिंमत आहे?

१० जानेवारी
दाढी काढली. न्यायाधीश तुळतुळीत हवा. मग आठवलं, नाटकात मी दीपगृहाचा दाढीवाला रखवालदार आहे आणि आज प्रयोग आहे. विसरलो होतो असं नाही. प्राधान्य ठरवलं होतं. नकली दाढी चिकटवली. दुसऱ्या अंकात अर्धी सुटली. दिग्दर्शक हॅमिश म्हणाला, "महाराज, वादळ समुद्रात आहे. हनुवटीवर कशाला आणलंत?"

प्रेक्षक हसले, हे त्याला दिसलं नाही.

१२ जानेवारी
व्हिडिओ झाला. वकिलाचे संवाद कॅमेऱ्यामागून वाचायला बायको बसली. नोरीन शाळेच्या ऑफिसात असते; उशिरा येणाऱ्या पोरांच्या सबबी ऐकणं हे तिचं काम. अभिनयाशी संबंध शून्य. मध्येच म्हणते, "अरे, ओरडतोस कशाला? न्यायाधीशाचं ऐकावंच लागतं ना सगळ्यांना?" आणि कॅमेऱ्यामागूनच माझं वाक्य म्हणून दाखवलं. सौजन्य म्हणून ऐकून घेतलं.

तेवढा तुकडा कापणार होतो. पण ऐकताना माझा चेहरा फार बोलका आलाय. ठेवला.

१७ जानेवारी
जमलं! मालिकावाल्यांनी मार्चच्या तारखा राखून ठेवायला सांगितल्यात. ग्लेंडाने बजावलं, तारखा राखणं म्हणजे भूमिका मिळणं नव्हे. मला शिकवते! हे मी नव्या नटांना सांगत आलोय.

तरीही मनाला विचारलं: मार्चमध्ये आपण नसणार हे माहीत असताना नाटकातली जागा अडवणं योग्य आहे का? नाही. हॅमिशला राजीनामा दिला. त्याने थांबवलं नाही. भावना लपवत असावा. माझ्या जागी येणाऱ्याला स्वतःची दाढी आहे म्हणे.

२४ जानेवारी
व्हिडिओत मागे बोलणारी बाई कोण, असं मालिकावाल्यांनी विचारलंय. किती बारकाईनं पाहतात ही माणसं! आता दोघांचा व्हिडिओ हवाय. उघड आहे, माझ्या शेजारी साधं माणूस ठेवून फरक बघायचाय.

नोरीन म्हणाली, "मला नको रे त्यात ओढूस, लाज वाटते." माझ्यासाठी तयार झाली. बिचारी बुजू नये म्हणून उजेडात तिला बसवलं, मी जरा कडेला राहिलो. हे औदार्य की दिखावा? बराच विचार केला. औदार्यच.

२ फेब्रुवारी
न्यायाधीश आता बाई असणार. भूमिका नोरीनला.

ग्लेंडा म्हणाली, "फोन दे ना जरा तिला." दोघी बराच वेळ हसत होत्या. ग्लेंडा आता तिचीही एजंट. मग फोन माझ्याकडे आला आणि ग्लेंडा माझ्याशी शांतपणे बोलली. यापुढे तिच्या यादीत मी नाही. मग मी हॅमिशला फोन करून पाहिला. दाढीवाला छान रुळलाय.

जेवताना नोरीन म्हणाली, "तू नको म्हण, मी नाही करत. खरंच सांगते. मला माझी शाळा आहे." आवाज साधा होता, पण सूप ढवळणं थांबलं होतं. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे, विचार करून सांगतो.

नको म्हणायला एकही चांगलं कारण सापडलं नाही. वाईट बरीच सापडली.

३ फेब्रुवारी
कर म्हणालो. हे वाक्य म्हणताना अभिनय बरा झाला असावा. तिने गळ्यात हात टाकले.

५ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात तिची तालीम. आरोपीचे संवाद मी वाचतोय. निकालाआधी थोडं थांबावं, असा अनुभवी सल्ला दिला. थांबली नाही. नुसता चष्मा नाकावर घेतला आणि काचांवरून माझ्याकडे पाहिलं.

मी हातातली कॉफी ठेवून उभा राहिलो.

आरोपी उभा राहतो असं स्क्रिप्टमध्ये कुठेही नाही. दोनदा तपासलं.

नोरीन म्हणाली, "अरे, बस ना. शिक्षा सांगायचीय अजून."