पहिल्या चावीला

सोमवार, ३ फेब्रुवारी

परत तेच. चावी फिरवली — खर्र, खर्र, खर्र — आणि गप्प. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा एकदा अंग झाडून सुरू झाली आणि मग रस्ताभर अशी चालली, जसं काही झालंच नव्हतं. व्यायामवाल्या बाईंकडे साडेआठला पोचायचं होतं, पोचलो पावणेनऊला. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं.

ह्यांना गाडीत बसवण्यातच वीस मिनिटं जातात. आधी धरून बसवायचं, मग उजवा पाय उचलून आत ठेवायचा, मग पट्टा. एवढं सगळं झाल्यावर गाडीने तोंड फिरवायचं! आज मी रागाने स्टिअरिंगवर हात आपटला. हे शेजारी बसून डाव्या हाताने डॅशबोर्ड थोपटत होते. माझी समजूत काढत होते की गाडीची, कोण जाणे. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही. 'अं' तेवढं येतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, एवढंच तर शिकले. मग गाडीपुढेच हात आपटत का बसायचं? आजपासून रोज सकाळी साडेसातला चावी फिरवायची आणि कितव्या प्रयत्नात सुरू झाली ते इथे मांडायचं.

आज : तिसऱ्या.

हे असते तर — असते काय, आहेतच, खिडकीपाशी बसलेत. बोलत असते तर एका वाक्यात सांगितलं असतं. छे, सांगितलंही नसतं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण घरात साधा फ्यूज कसा घालायचा ते कुणाला शिकवलं नाही. "तू सर, मी बघतो." झालं, विषय संपला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिसऱ्या. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढलाय. सापडला चोर! गरम पाणी ओतून जुन्या टूथब्रशने चकचकीत घासली. हे खिडकीतून बघत होते. वर बघून विजयी मुद्रेने ब्रश हलवून दाखवला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तिसऱ्याच. बॅटरी निर्दोष सुटली.

मी चावी फिरवत असताना ह्यांचं थोपटणं चालूच. एकदा, मग थांबून पुन्हा, मग थांबून पुन्हा. म्हटलं, "अहो, राहू द्या, घोडी नाहीये ती."

ह्यांना व्यायामाला सोडून तशीच गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याने चावी लावली, टक्कन सुरू. बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा सुरू. "काकू, हिला झालंय तरी काय?" माझीच लाज निघाली. घरी थयथयाट आणि चारचौघांत गुणाची, अशी मुलं असतात काही. त्याने आपलं काहीतरी करायचं म्हणून प्लग बदलले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

प्लग नवे, प्रयत्न तीन. म्हणजे प्लगही नाहीत.

दुपारी चिरंजीव आले, दोन दिवसांसाठी. आल्या आल्या बाबांची दाढी केली, आंघोळ घातली. पोरगा मनाने चांगला आहे. मला तीन महिन्यांनी दुपारची झोप मिळाली.

रविवार, ९ फेब्रुवारी

चौथ्या.

तिघं जेवायला बसलो असताना चिरंजीवांनी विषय काढला. त्यांच्या ओळखीचं एक शुश्रूषागृह आहे, चोवीस तास नर्स, खोलीला खिडकी. वीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत. "आई, आरशात बघ जरा स्वतःला." बघितलंय. "बाबांना काही कळत नाही गं. त्यांना इथे काय आणि तिथे काय, सारखंच." डॉक्टर अगदी असं म्हणाले नव्हते. "बोललेलं किती पोचतं ते आज सांगता येणार नाही, फार आशा ठेवू नका" असं म्हणाले होते. पण मीही तीन महिने वाट बघतेच आहे. हो म्हणजे हे आणि नाही म्हणजे ते, असं बाईंनी किती वेळा शिकवलं. हे नुसते भिंतीकडे बघतात.

मग मीही बोलून गेले. थकलेय. रोज सकाळी त्यांना उठवताना कधी कधी वाटतं, कुणीतरी यावं आणि ह्यांना घेऊन जावं. तोंडातून निघालं एकदाचं. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. फॉर्मवर सही केली आणि टेबलाच्या खणात ठेवला.

हे आज जेवले नाहीत. दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. भाजीत मीठ जास्त पडलं असावं.

सोमवार, १० फेब्रुवारी

चौथ्या. आज थोपटणं नाही. हात मांडीवर, नजर बाहेर. शांतपणे चावी फिरवता आली, बरं वाटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तिसऱ्या. दुपारी भाजी आणायला गेले तेव्हा मात्र पहिल्या चावीला. म्हणजे उभी राहिली की बिघडते. रात्रभर उभी राहिल्यावर आत काहीतरी होतं. काय होतं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पाच वेळा फिरवली. नाही म्हणजे नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. गाडीसाठी नाही. नोव्हेंबरपासूनचं सगळं साचलेलं होतं, ते गाडीच्या निमित्ताने आलं. शेजारच्या काकू फाटकातून बघत होत्या, बघू देत.

थोड्या वेळाने ह्यांचा हात आला. डॅशबोर्डवर एकदा. थांबले. पुन्हा एकदा. थांबले. पुन्हा. मग माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे पुसून म्हटलं, "हो हो, होईल सुरू," लहान मुलाला म्हणतात तसं. मग टॅक्सी बोलावली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याला वही वाचून दाखवली. पहिल्यांदाच त्याने नीट ऐकलं. "काकू, आज रात्री इथेच ठेवा. सकाळी थंड असताना मी स्वतः बघतो."

फॉर्म अजून खणातच आहे. चिरंजीवांचा फोन आला होता — "पाठवलास ना?" उद्या पाठवते म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सापडलं.

टाकीत पेट्रोलचा पंप असतो, त्यातली झडप झिजलीये. रात्रभरात पाइपातलं पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी इंजिन बिचारं फिरतं, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. गाडी गरम असली की पाइप भरलेला असतो, म्हणून गॅरेजात शहाणी.

"ही आजकालची गोष्ट नाही काकू, झडप कित्येक वर्षांपासून झिजत आली असणार." नवा पंप मागवायला आठवडा जाईल. तोवर त्याने युक्ती दाखवली. चावी अर्धीच फिरवायची. मागून घूं असा आवाज येतो, तो थांबला की बंद. पुन्हा अर्धी, पुन्हा बंद. असं तीनदा, मगच स्टार्ट. "काका असंच करत असणार. नाहीतर ही इतकी वर्षं चाललीच नसती."

चौदा वर्षं मी शेजारी बसत होते. गाडीत बसलं की मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागते. ह्यांचा हात चावीपाशी काय करतो ते एकदाही बघितलं नाही.

मला समजावं म्हणून तो बॉनेटवर हात मारून दाखवत होता. "एकदा — थांबायचं. दोनदा — थांबायचं. तीनदा."

मी त्याच्याकडे बसायला खुर्ची मागितली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज कुठे जायचं नव्हतं. तरी ह्यांना गाडीत बसवलं. पाय, पट्टा, सगळं. चावी लावली आणि हात काढून घेतला.

"अहो, सांगा."

डावा हात उठला. थोप. मी अर्धी चावी फिरवली. घूं. बंद. थोप. घूं. बंद. थोप. घूं. मग त्यांनी हवेत मनगट वळवलं, पूर्ण.

पहिल्या चावीला सुरू.

इंजिन चालू ठेवून तसेच बसलो. मी विचारलं, "सगळं कळतं तुम्हाला?" 'अं' म्हणाले. समोर बघत म्हणाले, माझ्याकडे नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

चिरंजीवांना फोन केला, ह्यांच्या शेजारी बसूनच. "फॉर्म पाठवणार नाही. बाबा घरीच राहतील. आणि यापुढे त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते त्यांच्याशी बोल." तो विचारत होता, अचानक काय झालं. म्हटलं, गाडी सुरू झाली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नऊ तारखेचं पान पुन्हा काढून वाचलं. 'भाजीत मीठ जास्त पडलं असावं.'

मीही तीच भाजी खाल्ली होती. मीठ बरोबर होतं.