लुल्वाच्या टोपलीतले जव

मुहर्रक

प्रिय बदरिया,

फोन तू उचलत नाहीस, आणि हमद पडला जावई, माझ्यावर चिडताही येत नाही त्याला. नुसता "बघू, आई" म्हणतो. म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर त्याच्याकडून वाचून घे.

बकरी ईद झाली. लुल्वाला तुझा लहानपणचा जरीचा झगा घातला होता. बालवाडीत बाईंनी यंदा सगळ्या मुलांना खजुरीच्या पानांच्या छोट्या टोपल्या देऊन जव पेरायला लावले. रोज बोटानं माती चाचपायची, ओली असली तर पाणी घालायचं नाही. कोंब किती वाढले ते बोटाच्या पेरांनी मोजायचं आणि तेवढंच चित्र काढायचं. आपली पोर भारी हुशार! "त्यांना तहान लागलीय" म्हणत चोरून पाणी घालायची. सगळे जव कुजले. मी ओरडले, पण बाईंनी न रागावता पुन्हा पेरायला लावले. या खेपेला ती हात मांडीखाली दाबून टोपलीपाशी बसायची. तुझ्यावरच गेलीय, तुलाही कधी वाट बघणं जमलं नाही.

आई हजला चाललीय, असं तू निघताना तिला सांगितलंस. हजला गेलेली माणसं परत येतात, म्हणून सांगितलंस, हे मला कळलं. मीही तेच धरून राहिले. शेजारची उम्म जासिम खरोखरच हजला गेली होती, त्यामुळे निभावलंही.

ईदच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे पोरं किनाऱ्यावर टोपल्या झुलवत गायली, हजवाल्यांना सुखरूप परत आण म्हणून. मग एकेकानं आपली टोपली समुद्रात टाकली. लुल्वा टाकेना. उम्म जासिमचा नातू फहद चिडवायला लागला, "घाबरट! माझी आजी येणार, तुझी आई नाही यायची!" मला वाटलं, आता भोकाड पसरेल. तर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, हे तर हजवाल्यांचं गाणं आहे. इस्पितळात गेलेल्यांचं कुठलं गं?"

"तुला कुणी सांगितलं?" म्हटलं. तर म्हणे, "हजला जाणारे सगळ्यांची माफी मागतात, उम्म जासिम घरोघरी मागून आली. आई कुणाकडेच गेली नाही. आणि तू फोनवर बाबांना डॉक्टरांचं विचारतेस."

आम्ही टोपली परत घरी आणली. आई आली की दोघी मिळून टाकणार, असं तिनं ठरवलंय. काल उम्म जासिम आली, तिनं सगळ्यांना हजहून आणलेलं जमजमचं पवित्र पाणी घोट घोट दिलं. लुल्वानं आपल्या वाटणीचं प्यायलं नाही. गच्चीवर जाऊन आधी माती चाचपली, कोरडी लागली, तेव्हा टोपलीत ओतलं.

डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेला तयार आहेत, सही तूच करत नाहीस, असं हमदनं सांगितलं. तू किती थकलीयस ते मला कळतं. भीती मलाही वाटते, बदरिया, फार वाटते. पण जव आत्ताच टोकाला पिवळे पडायला लागलेत. ते वाळले तर आम्ही दोघी पुन्हा पेरू, लागेल तितक्या वेळा पेरू. तू तेवढी सही कर, पोरी.

तुझीच,
आई