बुडालेल्या व तरंगणाऱ्या बोटींच्या मोजणीबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, शिक्षण विभाग

विषय : विज्ञान दिनाच्या व्याख्यात्यांना शाळेत पुन्हा पाठविणेबाबत.
संदर्भ : दि. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीचे व्याख्यान, ‘विश्वाचा जन्म’.

महोदय,

१. मी मृणाल हर्षद घरत, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र). माझी मुलगी राही चौथीत आहे. तिच्या शाळेतील वरील व्याख्यानात व्याख्याते सरांनी सांगितले, की विश्व जन्मताच क्षणार्धात अफाट फुगले. काहींच्या मते ते फुगणे कुठे ना कुठे अजून चालूच असून त्यातून अगणित विश्वे होतात, आणि जे घडू शकते ते कुठेतरी घडतेच. इथे वेळ संपली व बिस्किटे वाटली गेली.

२. राहीचे वडील न्हावा शेवा बंदरात, मोठ्या जहाजांपर्यंत वाटाड्या पोचविणाऱ्या पायलट बोटीवर खलाशी आहेत. “म्हणजे कुठेतरी बाबांची बोट बुडते,” एवढे ती घरी घेऊन आली. त्यांचे ड्युटीचे बूट तिने तांदळाच्या पिंपात पुरले. दोन खाडे झाले. तिसरा झाल्यास बदली माणूस घेऊ, असा निरोप आला आहे.

३. एक बुडते तेव्हा हजार तरंगतात, असे मी समजावले. ती वहीत तशा बोटी काढू लागली आणि थांबली. “दोन्ही संपतच नाहीत ना, आई? मग मी हजार बुडालेल्या नि एक तरंगणारी अशी ओळ लावली तर?” (पानाची झेरॉक्स सोबत, मूळ पान ती देत नाही.) सासूबाई म्हणाल्या, “येवढी शिकली हायस ना, मग सांग की तिला.” मी वाचून पाहिले. मोठमोठे शास्त्रज्ञही इथेच अडले आहेत. सगळेच अगणित वेळा घडत असेल, तर जास्त काय घडते हे मोजण्याच्या रीतीवर ठरते, आणि खरी रीत कोणती यावर एकमत नाही. म्हणून त्या सिद्धान्तातून ठाम भाकीत निघत नाही. सरांना हे ठाऊक असणारच. सांगायचे राहिले.

४. सोमवारी सकाळी सहाला यांची ड्युटी आहे. तरी सरांना शुक्रवारी पाठवावे. “आम्हालाही अजून मोजता येत नाही,” एवढेच ते वर्गात म्हणाले तरी पुरे. ते शक्य नसल्यास कार्यालयाने तसे पत्र द्यावे. शिक्का असलेला कागद राही खरा मानते. शिक्का गोल असावा.

५. पत्रात “बोट बुडणार नाही” असे मात्र लिहू नये. ते मी तिला रोज सांगते. आणि हे ड्युटीवर असले की मी तासातासाला फोन लावते, हेही ती रोज बघते.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
मृणाल हर्षद घरत
दि. ५ मार्च २०२५