कशाच्या पावलांनी

आई, काल गौरी आल्या. आल्या कसल्या, मी आणल्या. येलहंक्याच्या बाजारात शेपू घ्यायला गेले, तर तोंडातून कन्नडमध्ये 'सब्बसिगे सोप्पु' असंच आलं. शेपू हा शब्द घरी येऊन आठवला. शेजारच्या अक्का लिफ्टमध्ये म्हणाल्या, आमची गौरी गणपतीच्या आदल्या दिवशीच येते, तुमची नेहमी उशिरा. दरवर्षी म्हणतात, दरवर्षी मी आपली पद्धत समजावून सांगायचे. यंदा नुसतं "सरी अक्का" म्हणून मान डोलावली.

तू दर भाद्रपदात साताऱ्याहून यायचीस ती या एकाच कामासाठी. मी मुखवट्यांचं ताट घेऊन हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत यायचे आणि तू समोर उभी राहून विचारायचीस, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" मी म्हणायचं, "सोन्यामोत्याच्या पावलांनी." मग खोलीखोलीत थांबून, "इथं काय आहे?" स्वयंपाकघरात धान्याच्या राशी, कपाटापाशी दागदागिने. वॉशिंग मशीनपाशी थांबलीस तेव्हा मला हसू फुटलं, तर म्हणालीस, "दात काढू नकोस. घर दाखवतोय आपण तिला. विचारणारं कुणी नसलं तर ती परक्याच्या घरात शिरल्यासारखी शिरते." आणि जेवताना नातीकडे बघून, "ही माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते गं. तू तरी घरात मराठी बोल." बोलत होते, आई. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि बापाशी कन्नडमध्ये हुज्जत घालायची. चिडायचं कुणावर? तिचं हेच गाव आहे. ती इथं सुखात आहे, याचंच मला वाईट वाटतं, आणि हे बोलायची सोय नाही.

तू गेल्यापासून विचारते मीच आणि उत्तरही मीच देते. नवरा बिचारा थाळी वाजवतो. काल लेक म्हणाली, "ममा, वेट. माझ्याकडे आज्जी आहे," आणि फोन पुढे धरला. लहानपणी तिनं केलेलं शूटिंग. तुझा आवाज आला, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" किती वर्षांनी मला कुणीतरी विचारत होतं. मी तोंड उघडलं, तोच फोनमधून माझंच उत्तर आलं, "सोन्यामोत्याच्या पावलांनी." तरुण, खणखणीत आवाज. पुढंही तसंच. तू विचारतेस, फोनमधली ती तरुण मी सांगते, आणि मी ताट घेऊन मागून चालतेय. शूटिंग जुन्या भाड्याच्या घरातलं, त्यामुळे आम्ही हॉलमध्ये उभे आणि फोनमध्ये धान्याच्या राशी. लेकीचे डोळे भरले होते. "एव्हरी इयर वी कॅन प्ले धिस, ममा. आता कुणी नसलं तरी चालेल." प्रेमानंच म्हणाली गं. एवढं मराठी ती माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

उद्या विसर्जन. मुखवटे कापसात गुंडाळून ठेवीन आणि पुढच्या भाद्रपदात काढणार नाही. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. हे पत्र डायनिंग टेबलावर उघडंच आहे, लपवायचं कशाला? लेकीनं शाळेत कन्नड आणि फ्रेंच घेतलं. नवरा इथलाच, हिंदीमुळे त्याला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. मघाशी लेकीनं याच कागदावर कॉफीचा कप ठेवला आणि विचारलं, "ग्रोसरी लिस्ट?"

मी हो म्हटलं.