निळ्या खडूची रेघ

प्रिय छोट्या,

तुझी गाडी अजून दारातच आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव खालीवर व्हायला नको. एका बाजूचा आरसा कुणीतरी उडवला, टपावर कबुतरांनी जे करायचं ते केलं, एक दिवा तर केव्हाच फुटला. पण गाडी आहे. जाताना तू आईला म्हणालास ना, गाडी इथेच राहू दे, मी आलोच. ते वाक्य तिने असं घट्ट धरून ठेवलंय की मी एकदा नुसतं सुचवलं, मागच्या गल्लीत ढकलून ठेवू या, सावली तरी मिळेल, तर बाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तो आला आणि गाडी दिसली नाही तर काय करेल, म्हणे. अगं, घर दिसेल की त्याला, मी म्हणाले. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप भांडी घासायला लागले.

माझं चाललंय तेच. अंगात पालिकेचं जाकीट, गळ्यात पावतीचं मशीन, खिशात पिवळा खडू आणि दिवसभर लोकांच्या शिव्या. जो तो दोनच मिनिटं थांबलेला असतो. आता तर गाड्यांच्या जोडीला कचऱ्याचं कामही आमच्याच गळ्यात मारलंय. थुंकणारे, थोटकं फेकणारे, कुत्र्याची घाण तशीच टाकून जाणारे, सगळे माझे. एक बाई आहे, कुत्र्याला फिरवताना हातात रिकामी पिशवी अशी मिरवत चालते की बघणाऱ्याला वाटावं, वा, काय ही स्वच्छतेची आवड. मी कोपऱ्यावरून वळले रे वळले की कुत्रं बसतं आणि पिशवी घडी घालून परत पर्समध्ये! तिला पकडलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्वतःला चहा पाजला. पण गोण्यांचं काम वाईट. कुणी रस्त्याकडेला गोणी टाकून गेलं की हातमोजे घालून ती उघडायची आणि आत कुठे टाकणाऱ्याचं नाव-पत्ता सापडतो का बघायचं. दर वेळी दोरी मी हळूच सोडते. वाटतं, आता तुझा तो चौकड्यांचा शर्ट निघणार. निघत नाही. मग बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं.

बाजारामागच्या रस्त्यावर मी तुला पाहिलं होतं तो दिवस आठवतो का रे? भर कामाच्या वेळेत, इस्त्रीचा शर्ट घालून, स्टिअरिंगवर डबा ठेवून जेवत होतास. नोकरी गेल्याचं घरात कुणालाच सांगितलं नव्हतंस आणि रोज सकाळी निघत मात्र होतास. मी काचेवर टकटक केली तर तू काच खाली करून म्हणालास, ताई, पावती फाडू नको, जागा बदलतो. आपण दोघं हसलो. काय हसलो रे आपण! त्यानंतर तू कुठल्या दिवशी कुठल्या रस्त्याला उभा असतोस ते मला पाठ झालं होतं. जाता जाता बॉनेटवर थाप मारायची आणि पुढे जायचं, एवढंच आपलं बोलणं. अजूनही त्या रस्त्यांवर तुझ्या रंगाची गाडी दिसली की माझा हात आपोआप उचलला जातो. परवा एका अनोळखी माणसाच्या बॉनेटवर थाप मारली. तो बिचारा घाबरून खाली उतरला.

आता मुद्द्याचं सांगते. गाडी जागची हलली की नाही हे ओळखायची आमची साधी पद्धत आहे. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे खडूने एक रेघ मारायची, अर्धी टायरवर आणि तीच पुढे रस्त्यावर. परत आल्यावर रेघ सलग दिसली तर गाडी तिथेच उभी होती. तुटली असेल तर मधे हलली होती. माझ्या जाकिटाचा खिसा धुताना एकदा आईने विचारलं, हा पिवळा भुगा कसला? मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं. पुढे काही दिवसांनी तुझ्या गाडीच्या पुढच्या टायरला मला निळी रेघ दिसली. आमचा खडू पिवळाच असतो.  कोण चेष्टा करतंय म्हणून मी ती पायाने पुसली. दुसऱ्या दिवशी परत होती, ताजी. पुसावी आणि उगवावी असं चाललं. वेडीवाकडी नव्हे हं, पट्टीने आखल्यासारखी सरळ. खरं सांगते, मला वाटलं तूच येऊन मारतोस की काय, आणि मी त्या बाजूने जायची बंद झाले.

शेवटी आईच्या शिवणाच्या डब्यात तो खडू सापडला. कापड आखायचा चपटा, निळा. मी विचारलं तर ती लाजली रे, चोरून काही खाताना सापडावं तशी. म्हणाली, एक किल्ली त्याच्याकडेच आहे ना? आपल्याला डोळा लागला असताना तो येऊन गाडीत बसला, एखादी चक्कर मारून आला, तर आपल्याला कळणार कसं? त्याला बेल वाजवायची लाज वाटत असेल. रोज सकाळी दूध आत घ्यायच्या आधी ती खाली जाते, वाकून रेघ बघते, पुसट झाली असेल तर गिरवते आणि वर येऊन सांगते, अजून नाही. तुझ्याविषयी ती बाकी काही बोलतच नाही. अजून नाही, एवढंच. मग शिवायला मशीनवर बसते.

आता जी गाडी हलत नाही तिच्या आडोशाला काय होतं ते मी लोकांना रोज सांगते, तेच आपल्या दारात झालं. आधी चाकाशी पाला, मग कुणाची तरी उष्ट्याची पिशवी, मग फुटका कमोड, आणि एक दिवस मागच्या बाजूला ओली गादी. उंदीर झाले. समोरच्या मास्तरीणबाईंनी तक्रार केली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाले, तुमचाच भाग आहे, तुम्हीच लावा. म्हणून माझ्या हाताने मी तुझ्या गाडीच्या मागच्या चाकाला पिवळी रेघ मारली आणि काचेवर बेवारस वाहन असा कागद चिकटवला. मुदतीत हलली नाही तर गाडी उचलायची आणि भंगारात द्यायची. आई खिडकीत उभी होती. मला वाटलं ओरडेल. ती बादली घेऊन खाली आली, माझ्या देखत गाडी धुतली, गादी एकटीने ओढत कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली, आणि कागद मात्र तसाच ठेवला, कारण तो मी लावला होता. मग मला म्हणाली, बेवारस कशी गं? 

माझ्याबरोबर एक सहकारी असतो, आम्ही त्याला लांबू म्हणतो. उचलगाडीवर त्याची ड्यूटी असते. आईने त्याच्या पोरीचे फ्रॉक शिवलेत. मुदत संपायच्या सुमाराला तो पहाटे उचलगाडी घेऊन आला, तुझ्या गाडीचं पुढचं तोंड उचललं, हातभर पुढे ओढलं आणि ठेवून दिलं. कागदोपत्री गाडी हलली, तक्रार बंद. मला चहाच्या टपरीवर फुशारकीने सांगायला आला, ताई, काम फत्ते! पण तोवर आई खाली जाऊन आली होती. आमच्या पिवळ्या रेघेचा त्याने विचार केला, निळीचा त्याला पत्ताच नव्हता.

छोट्या, तिची ती सकाळ तू बघायला हवी होतीस. जिना चढताना तिचा आवाज खालूनच येत होता, आला होता गं, आला होता! मला हाताला धरून खाली नेलं. रस्त्यावरची रेघ मागे राहिली होती आणि टायर पुढे गेला होता. मी वाकले, आणि वाकल्याबरोबर मला कळलं. चाक फिरलं असतं तर टायरवरची रेघ वर सरकली असती. ती होती तिथेच होती, अगदी खाली. ही गाडी कुणी चालवली नव्हती, उचलून ठेवली होती. एवढं बारीक मी आईला कधी शिकवलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मी नुसती मान हलवली.

तो आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून ती विचारायला लागली, दारापर्यंत आला आणि वर का नाही आला? आपण काय केलं त्याला? आता ती शिवत नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसते. दाराची कडी काढून ठेवते. तू लहानपणी काच फोडलीस तेव्हा मारलं होतं, ते आठवून रडते. अन्न जात नाही, गाल आत गेलेत. आधी तू फक्त आला नव्हतास. आता तू येतोस आणि तिला टाळून जातोस. मी घाबरत घाबरत म्हणून पाहिलं, पालिकेच्या लोकांनी उचलली असेल. ती म्हणाली, उचललेली गाडी कधी कुणी परत आणून ठेवतं का?  माझ्या एवढ्या नोकरीत असं मीही कधी पाहिलेलं नाही. लांबूचं नाव घ्यावं तर त्याची भाकरी जाते. आणि खरं सांगितलं की त्या क्षणी तू तिच्यासाठी दुसऱ्यांदा जाणार. पोलिसांनी मला एकदा एका माणसाला ओळखायला बोलावलं होतं. चादर काढली. तो तू नव्हतास. घरी येऊन मी सांगितलं की आज काम जास्त होतं.

हे पत्र आईने लिहायला सांगितलंय. तो गाडीत येऊन बसतो तर तिथेच ठेव, म्हणाली, माझ्यावर रागावला असेल, तुझं ऐकेल. लिहून झालं की वाचून दाखव म्हणते आहे. मी तिला वेगळंच काहीतरी वाचून दाखवीन आणि पाकीट बंद करीन. मग घरातल्या किल्लीने गाडीचं दार उघडून ते तुझ्या सीटवर ठेवायचं, ती शेजारी उभी राहणार आहे. उद्यापासून ती रोज सकाळी काचेतून आत बघेल. मी ते गुपचूप काढून घ्यावं असं माझ्या मनात सारखं येतंय. पत्र नेलं म्हणेल, एक दिवस पोटभर जेवेल, आणि मग विचारेल, वाचूनही आला नाही? म्हणून ठरवलंय, मी हात लावणार नाही. लांबूलाही शपथ घातलीय. ते तिथेच पडून राहिलं, तर आईला जे कळायचं ते माझ्या तोंडून न ऐकता कळेल, आणि मी तेव्हा तिच्याजवळ असेन. आणि एखाद्या सकाळी सीट रिकामी दिसली, तर ते तूच नेलेलं असेल, दुसऱ्या कुणी नाही. घराच्या दाराला कडी नाही रे. नुसतं ढकल.

तुझीच,
ताई