आखाजीचा मांडा

देवपूर, धुळे

तीर्थरूप मायला कामिनीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. फोनवर घरातले ऐकतात, म्हणून लिहितेय. आखाजीच्या सणाला माहेरी असोद्याला आले नाही, कारण सासूबाईंना टाकून निघता येत नाही. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना वाटलेलंच अन्न गिळता येतं.

नणंद मयुरी मात्र माहेरी आली. "सणाच्या दिवशीही आईला नुसता लगदाच का?" म्हणत तिने आमरसात बुडवलेला पुरणाचा मांडा भरवला. मी नको म्हटलं, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. दुसऱ्याच घासाला सासूबाई निळ्या पडल्या. मी पाठीत जोरजोरात थापट्या मारून घास बाहेर काढला.

आता नातेवाइकांत एवढंच पोचलंय, की कामिनी सासूला मारते. सासूबाईंची वाचा गेलीय, त्या काय सांगणार? मयुरी परत निघाली तेव्हा त्या रडल्या, आणि संध्याकाळी माझ्या हातचा घास त्यांनी माझ्याच अंगावर थुंकला.

तुझे पोटाच्या ऑपरेशनचे टाके सुकले का? माझी वहिनी बेचव खिचडी घालते, अशी तू तक्रार केलीस. ती मुकाट्याने खा. मी आले आणि मायेने काही भरवायला लागले, तर तोंड घट्ट मिटून घे.

तुझी लाडकी लेक,
कामिनी